अहिराणी बडबडगाणी आणि अंगणवाडीचा उंबरठा

काही वर्षांपूर्वी 'बबल्या इकस केसावर फुगे' हे अहिराणी गाणे खान्देशातून निघाले आणि बघता बघता महाराष्ट्रभर वाजू लागले. सचिन कुमावत आणि अण्णा सुरवाडे यांचे हे गाणे बालगीत म्हणून बाजारात आले नव्हते, पण त्याला सगळ्यांत घट्ट धरून ठेवले ते पोरांनी. कारण उघड आहे. गुंतवळ घेऊन फुगे देणारा फेरीवाला धुळ्या-जळगावकडच्या गल्लीत आजही येतो. आईच्या फणीत अडकलेले केस देऊन आपल्या हातात फुगा पडतो, हा सौदा मुलाला जितका खरा तितकाच अद्भुत वाटतो. त्यात बबल्या हे नाव, सहज उचलता येणारे पालुपद आणि अर्थापेक्षा ठेक्यावर दिलेला भर. लहान मुलांच्या वेडगळ समूहगाण्याला जे जे लागते ते सगळे या गाण्यात अनायासे जमून आले. बबल्यानंतर 'झुमकावाली पोर'सारखी गाणी आली. त्यांचा विषय मोठ्यांचा आणि ठेका लग्नाच्या नाचाचा, तरी मुले तीही म्हणतात. म्हणजे खान्देशातल्या मुलांना घरच्या भाषेत मोठ्याने, एकत्र, हसत गाण्याची भूक आहे. ती भागवायला त्यांच्या वयाचे काही कोणी समोर ठेवत नाही, म्हणून ती मोठ्यांच्या ताटातून भागते. अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात मुलाची भाषेशी जी पहिली औपचारिक गाठ पडते, ती या निरर्थक म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतून पडावी आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात ती मुलाच्या घरच्या बोलीत पडावी, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्याच्या बाजूने काय आहे आणि विरोधात काय, हे तपासण्यासाठी हा आढावा.

आधी साठा पाहू. तान्ह्याला मांडीवर घेऊन त्याचे तळवे एकमेकांवर आपटत म्हणायची गाणी, बोटे मोजत काखेपर्यंत जाऊन गुदगुल्या करायची गाणी, खेळात राज्य कोणावर हे ठरवताना एकेका शब्दावर एकेकाला मोजत जायची गाणी: हा सगळ्या मराठी मुलखाचा सामायिक ठेवा आहे आणि खान्देशात तो खान्देशी उच्चारात नांदतो. त्यापलीकडे या भागाचे स्वतःचे काही आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात. जळगावकडे तिलाच भुलाबाई म्हणतात. घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी होतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ रंगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, माहेरवाशिणी येतात आणि गौराईच्या गाण्यांत लहान मुलीही आपला आवाज मिसळतात. पावसाने ओढ दिली की अंगाला लिंबाचा पाला गुंडाळलेला एक पोरगा पुढे घालून मुले धोंडी मागत दारोदार फिरतात. बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओततात आणि झोळीत धान्य टाकतात. पर्जन्यछायेतल्या या कोरड्या भागात मुलांच्या हातात ढगांशी बोलायचे हे एक अधिकृत काम होते. या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान दिसते. एकटा गायक आणि गप्प बसलेले श्रोते अशी विभागणी इथे नाही. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. जिला सगळे येत नाही तिने निदान शेवटचा शब्द म्हणायचा. तीन वर्षांची पोरही अशी गाण्यात सामावून जाते. तिला परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिच्या चुकीमुळे गाणे अडत नाही.

या गाण्यांना अर्थ नसतो, म्हणून त्यांतून मूल काही शिकत नाही, हा सर्वांत जुना आक्षेप. त्याचे उत्तर मराठी मुलींच्या फेराच्या गाण्यांतच आहे. भोंडल्यात एका वेड्या नवऱ्याचे गाणे म्हणतात. बायको एकेक पदार्थ करते आणि तो प्रत्येकाला भलतेच काही समजतो. लाडू दिसला की त्याला चेंडू वाटतो. या गाण्याला खुदकन हसणारी पोर लाडू आणि चेंडू यांतला फरक पक्का ओळखते, म्हणून तर हसते. ज्याला हा फरक अजून उमगलेला नाही ते मूल हसत नाही, नुसते बघत राहते. रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्की यांनी 'दोन ते पाच' या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला. उलटसुलट जगाची गाणी मुलाला वास्तवापासून तोडत नाहीत, वास्तवावरची त्याची पकड त्या गाण्यांत तपासली जाते आणि घट्ट होते. चुकोव्स्कींना याची किंमत मोजावी लागली. १९२८ मध्ये लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'त त्यांच्या मगरीच्या पद्यकथेवर टीका केली आणि त्यांच्या बालकवितेवर काही काळ संक्रांत आली. मुलांच्या तोंडी उपयुक्तच शब्द असावेत असे वाटणारी माणसे प्रत्येक राजवटीत असतात. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी या प्रकाराला जी प्रतिष्ठा दिली तिची आठवण इथे ठेवली पाहिजे. २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या कवीने 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'अजबखाना', 'अडम् तडम्' असे मुलांच्या कवितांचे डझनभर संग्रह लिहिले. मोठ्यांच्या कवितेत 'अष्टदर्शने'पर्यंत जाणारी बुद्धी मुलांसाठी लिहिताना वेडेपणाकडे वळते, याचा अर्थ त्या वेडेपणात करण्यासारखे गंभीर काम आहे. बंगालीत सुकुमार राय यांचे 'आबोल ताबोल' १९२३ मध्ये आले आणि शंभर वर्षांनंतरही बंगाली घरांत ते वाचले जाते.

अर्थाइतकेच, किंबहुना अधिक, काम नादाचे असते. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लहान मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दांतले सारखे आणि वेगळे ध्वनी ओळखण्याची क्षमता आणि पुढे वाचता येणे यांचे नाते त्यांनी दाखवले. १९८९ च्या त्यांच्या पुढच्या कामात तिसऱ्या वर्षी मुलाला किती शिशुगीते येतात याचा धागा नंतरच्या वाचनापर्यंत पोहोचलेला आढळला. इंग्रजीवरून काढलेला निष्कर्ष जसाच्या तसा मराठीला लावणे चुकीचे ठरेल, कारण आपली लिपी वेगळी. देवनागरीत मूल सुटा ध्वनी लिहीत नाही, अक्षर लिहिते. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसते की अशा लिप्यांत अक्षराची जाण लवकर येते, तर सुट्या ध्वनीची जाण सावकाश, वाचन वाढेल तशी येते. मग टाळीच्या गाण्याकडे पाहा. प्रत्येक अक्षरावर एक टाळी, प्रत्येक अक्षरावर एक बोट. राज्य कोणावर हे ठरवणारी मुले अक्षरे मोजत असतात. एकाने मुद्दाम अक्षर गिळून आपल्यावरचे राज्य टाळले तर बाकीचे त्याला पकडतात. पाटी हातात येण्याच्या आधीच अक्षर म्हणजे काय हे या मुलांना कानाने ठाऊक झालेले असते.

बोलीचा प्रश्न इथेच उभा राहतो. अहिराणीत आणि जळगावकडच्या लेवा बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. प्रमाण मराठीत डोळा आणि गोळा यांचे यमक जुळते, तसे अहिराणीत डोया आणि गोया यांचेही जुळते, तिथे काही बिघडत नाही. पण अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला शाया आणि माया हेही यमक वाटते, काया आणि छाया हेही. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही यमके नाहीत. म्हणजे या मुलाच्या कानात यमकांचा एक जास्तीचा साठा तयार असतो आणि शाळा तो कधीच वापरत नाही. उलट 'ळ' न म्हणता आल्याबद्दल पहिल्याच आठवड्यात त्याला थांबवले जाते. दुसरी गोष्ट क्रियापदाची. तो करतो आणि ती करते असा भेद अहिराणीत वर्तमानकाळात होत नाही. तो करस, ती बी करस. मुलांच्या गाण्यांत सगळ्यांत लाडकी युक्ती म्हणजे समोरच्या मुलाचे नाव गाण्यात घालणे. प्रमाण मराठीत मुलाच्या जागी मुलगी आली की क्रियापद बदलावे लागते आणि ठेका लंगडतो. अहिराणीत बबल्या इकस तशी बबलीबी इकस, ओळ जागची हलत नाही. ज्या बोलीत एकाच ओळीत वर्गातल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव जसेच्या तसे बसते, ती समूहगाण्यासाठी घडवून घेतल्यासारखीच आहे.

असे असून या गाण्यांची नोंद का झाली नाही, हे पाहण्यासारखे आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा खान्देशी असलेला भाग १९०७ मध्ये आला. त्यात या बोलीची गणना भिल्ल भाषांबरोबर केली गेली आणि नमुना म्हणून, देशभराच्या भाषांसाठी घेतली तीच बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट घेतली गेली. अमळनेरला १९२४ ते १९३० शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या प्रेमाने गोळा केल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणीतले नियतकालिक चालवले, गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात अहिराणीला स्थान मिळाले. अहिराणीच्या अभ्यासकांनी लग्नातली गाणी, कानबाईची गाणी, म्हणी, कोडी लिहून ठेवली. या सगळ्या कष्टांबद्दल मनापासून आदर बाळगूनही म्हणावे लागते की मुलांची गाणी या संग्रहांत कोपऱ्यात राहिली. ओवीत बाईचे दुःख असते, ते अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते. दोन पोरे धुळीत बसून जे बरळतात त्यात त्याला साहित्य दिसत नाही. शिवाय ही गाणी मोठ्यांपुढे म्हटलीही जात नाहीत. ती एका पोराकडून दुसऱ्याकडे जातात आणि म्हणणारा मोठा झाला की विसरतो. ओवी म्हातारीला आठवते. राज्य ठरवायचे गाणे दहाव्या वर्षापर्यंत जगते आणि मागच्या पोरांनी उचलले नाही तर तिथेच संपते. त्यात जनगणनेचे आकडे पाहावेत. २००१ मध्ये खान्देशी ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. प्रत्यक्ष बोलणारे याहून पुष्कळ असणार, कारण असंख्य घरे मातृभाषा मराठी असेच सांगतात. पण घरच्या बोलीचे नाव सांगायला माणसे कचरतात हेही त्यातून दिसते, आणि त्या संकोचाचा उगम बहुधा पहिलीच्या वर्गातच असतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आईबापांचे म्हणणे असते की मुलाला नोकरी प्रमाण मराठीत मिळते, इंग्रजीत मिळते. अहिराणी ते घरी शिकतेच, शाळेत तिचे काय काम? ही चिंता खरी आहे. शेती परवडत नाही म्हणून सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये जाऊन राहिलेल्या खान्देशी कुटुंबांना भाषेची किंमत काय असते हे कोणी शिकवायला नको. पण इथे मागणी गणित किंवा भूगोल अहिराणीत शिकवण्याची नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाने दिवसातला काही वेळ आपल्या बोलीत गावे आणि त्याच बैठकीत त्याच चालीचे एक प्रमाण मराठी गाणेही म्हणावे, एवढीच आहे. दोन्ही शेजारी ऐकली की शाया आणि शाळा यांतले नाते मूल स्वतः पकडते. चुकीवर बोट ठेवून तेच शिकवायला वर्ष लागते. महाराष्ट्राने याचा अनुभव घेतलेलाही आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. तेव्हापासून कोकणापासून विदर्भापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती बोलीतच पाठ केली. त्यामुळे कोणाचे मराठी बिघडले असे ऐकिवात नाही. ज्या बोलीतली कविता आठवी-नववीत अभिमानाने शिकवली जाते, ती बोली पहिलीत अशुद्ध कशी ठरते, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. बालवाडीतल्या गाण्यापासून सुरुवात करायला याहून वेगळी परवानगी लागू नये.

शब्दशुद्धीचा हा आग्रह लहान मुलांच्या कवितेवर किती जड पडतो, हे २०२४ मध्ये दिसले. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातल्या पूर्वी भावे यांच्या 'जंगलात ठरली मैफल' या कवितेत 'शोर' आणि 'वन्समोअर' असे शब्द आहेत म्हणून मोठा गदारोळ झाला. कविता २०१८ पासून पुस्तकात होती. यमकासाठी परका शब्द ओढून आणला तर कविता म्हणून ते कच्चे आहे का, यावर मतभेद असू शकतो, आणि माझ्या मते यमकासाठी आपल्या बोलींत शब्दांची मुळीच टंचाई नाही. पण त्या चर्चेत एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही: मुले ती म्हणतात का, म्हणताना नाचतात का? बडबडगीताची पहिली कसोटी ही आहे. हिंदी शब्दावर इतके पेटून उठणाऱ्या आपल्याला, अहिराणीतला एकही शब्द त्या वयाच्या पुस्तकात नसण्याचे काहीच वाटू नये, ही गोष्ट खान्देशाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

दुसरा आक्षेप असभ्यतेचा, आणि तो टाळून चालणार नाही. आखाजीला गौराई शिरवताना दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून बार खेळतात, एकमेकींना गाण्यातून मनसोक्त शिव्या देतात. मुले हे ऐकतात आणि आपल्या गाण्यांत आणतात. त्याशिवाय लंगडा, काणा, काळा, अमुक जातीचा, अशी कुणाच्या शरीरावर आणि जन्मावर हसणारी कितीतरी गाणी मुलांत फिरतात. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांची गाणी वर्षानुवर्षे जमवून १९५९ मध्ये जो ग्रंथ काढला त्यातही हेच दिसले. मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेले गोड असते, मुलांनी मुलांसाठी ठेवलेले पुष्कळदा उद्धट. माझे मत स्पष्ट आहे. नोंद करणाऱ्याने सगळे लिहावे, काही गाळू नये. शिकवणाऱ्याने निवडावे, आणि जात किंवा व्यंग यांवरचे गाणे अंगणवाडीत एकदाही येऊ देऊ नये. वर्गात त्याच जातीचे, त्याच व्यंगाचे मूल बसलेले असते. मात्र या कारणाने सगळा साठाच बाद करणे म्हणजे आळस आहे. खाण्यापिण्याची, जनावरांची, पावसाची, मामाची, उलट्या जगाची गाणी निवडली तरी वर्षभर पुरतील.

तिसरा आक्षेप अलीकडचा: मोबाइलवर सगळे आहे, मग जमवाजमव कशाला? कोरियातल्या पिंकफाँगने २०१६ मध्ये आणलेले 'बेबी शार्क' २०२२ च्या जानेवारीत यूट्यूबवर एक हजार कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले चित्रफीत-गाणे ठरले, आणि ते धुळ्यातल्या मुलांनाही येते. त्या गाण्याशी भांडण नाही. तेही मुळात शिबिरांत, हातवारे करत एकत्र म्हणायचे गाणे होते. प्रश्न ते कशातून ऐकले जाते याचा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला. चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष समोर खेळत होती त्या बाळांनी त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखायला सुरुवात केली. तेच पडद्यावर पाहणाऱ्या बाळांत असा काही फरक पडला नाही. पडदा मुलासाठी थांबत नाही. अंगणवाडीताई शेवटचा शब्द गाळून मुलांच्या तोंडाकडे बघत थांबते, कुणी चुकीचा शब्द घातला तर तोच घेऊन पुढची ओळ म्हणते, आणि सगळा वर्ग हसतो. भाषा या थांबण्यात शिकली जाते.

राहिला एक आक्षेप, जो मला सर्वांत जास्त पटतो. खान्देशची बोली म्हणजे फक्त अहिराणी, हे गृहीतच चुकीचे आहे. धुळे जिल्ह्याची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आदिवासी आहे. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारे मूल आहे, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कोकणी आणि मावची, इतरत्र भिलांच्या बोली. या मुलांसाठी अहिराणी हीसुद्धा बाजाराची भाषा आहे. त्यांच्यावर प्रमाण मराठीऐवजी अहिराणी लादली तर अन्याय तोच, लादणारा फक्त जवळचा. म्हणून या मागणीचे एकक जिल्हा धरता येत नाही, गावच धरावे लागते. आणि गाव धरले की काम सोपेही होते. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सेविका त्याच गावची असते. पाड्यावरच्या सेविकेला पावरी येते, धुळे तालुक्यातल्या कापडण्याच्या सेविकेला अहिराणी. त्यांना बोली शिकवावी लागणार नाही. लहानपणी म्हटलेली गाणी इथे चालतात, एवढे वरून कोणीतरी लेखी कळवले तरी पुष्कळ होईल.

हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मिळून हाती घेण्याजोगे आहे. विद्यापीठाकडे बोलींचे अभ्यासक आहेत, संस्थांकडे शिक्षक. शब्द लिहून घेणे एवढ्याने भागणार नाही. कोणत्या अक्षरावर टाळी, कोणत्या शब्दावर गिरकी, कोणत्या वयाची मुले म्हणतात, कोणत्या गावात कोणता पाठभेद, हे आवाजासह आणि हालचालीसह टिपले तरच ते गाणे उद्या दुसऱ्या कोणाला म्हणता येईल. विचारायचेही मुलांनाच, आणि आज चाळिशीत असलेल्या त्यांच्या आयांना, कारण आजीला ओव्या आठवतात, ही गाणी नव्हे. छापल्याने गाणे गोठते ही भीती रास्त आहे. एकदा पुस्तकात आले की तोच पाठ खरा आणि बाकीचे चुकीचे ठरतात, आणि मग ताईही मुलाला दुरुस्त करू लागते. त्यावर उपाय छपाईतच करता येईल: प्रत्येक गाण्याचे दोन-तीन पाठ शेजारी शेजारी द्यावेत आणि जिथे मुलाचे, मामाचे, गावाचे नाव येते तिथे नाव न छापता मोकळी जागा ठेवावी, म्हणजे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येक वर्गाला ते आपले आपण भरावे लागेल.